डिझेलच्या टाकीत बाटली ओतली की अ‍ॅव्हरेज खरंच वाढतं का?

पेरणीचे किंवा ऊस वाहतुकीचे दिवस आले की मोबाईलवर एक रील हमखास फिरायला लागतं. कुणीतरी ट्रॅक्टरच्या टाकीत छोटी बाटली रिकामी करतो, सायलेन्सरमधला काळा धूर गायब होतो आणि स्क्रीनवर झळकतं, 'अ‍ॅव्हरेज वाढवा, इंजिन नवं करा'. खाली किंमत विचारणाऱ्यांची रांग लागते.

ट्रॅक्टर आणि ट्रकच्या खर्चात डिझेलचा वाटा मोठा. त्यामुळे दोन-तीनशे रुपयांच्या बाटलीनं चार पैसे वाचणार असतील तर कुणालाही मोह होणारच. पण या बाटलीत नेमकं असतं काय? आणि ती कधी कामाची, कधी धोक्याची?

अ‍ॅडिटिव्ह म्हणजे काय?

डिझेलचा एखादा गुण सुधारण्यासाठी त्यात अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेलं रसायन म्हणजे अ‍ॅडिटिव्ह. सगळ्या बाटल्यांवर 'डिझेल अ‍ॅडिटिव्ह' असंच लिहिलेलं असलं तरी आतल्या रसायनांची कामं वेगवेगळी असतात.

- सीटेन वाढवणारं : डिझेल लवकर पेट घेतं. थंडीत इंजिन पटकन सुरू होतं आणि सुरुवातीचा पांढरा धूर कमी होतो.
- डिटर्जंट : इंजेक्टरच्या नोझलवर बसलेली काजळी हळूहळू साफ करतं.
- वंगण वाढवणारं : डिझेल पंप आणि इंजेक्टरची झीज कमी करतं.
- थंडीत गोठू न देणारं : डिझेलमधल्या मेणाचे स्फटिक मोठे होऊ देत नाही.
- जंतुनाशक : टाकीतल्या पाण्यावर वाढणारे जिवाणू आणि बुरशी मारतं.

म्हणजे औषध आधी आजार ओळखून द्यायचं असतं, तसंच हेही. आजार ठाऊक नसताना ओतलेली बाटली बहुतेक वेळा वाया जाते.

पंपावरचं डिझेल 'कोरडं' झालंय का?

अ‍ॅडिटिव्ह विकणारे हा मुद्दा हटकून सांगतात. त्यात अर्धं सत्य आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन मिळू लागलं. बीएस-४ डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण ५० पीपीएमपर्यंत चालायचं, ते १० पीपीएमवर आलं. रिफायनरीत गंधक काढताना डिझेलला नैसर्गिक वंगण देणारे काही घटकही निघून जातात. डिझेल पंप आणि इंजेक्टरचे आतले भाग डिझेलवरच वंगण घेतात. त्यामुळे असं डिझेल तसंच वापरलं तर झीज वाढेल, हे खरं.

पण ते तसंच पंपावर येत नाही. डिझेलसाठी आयएस १४६० हे भारतीय मानक आहे. त्यात वंगणाची चाचणी ठरवून दिली आहे. धातूवर धातू घासून पडणारा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. त्यासाठी लागणारं वंगणाचं अ‍ॅडिटिव्ह डिझेल पंपावर पोहोचण्याआधीच मिसळलेलं असतं. सीटेनची किमान ५१ ही मर्यादाही याच मानकात आहे. म्हणजे चांगल्या पंपावरून घेतलेल्या साध्या डिझेलमध्ये इंजिनाला लागणारं आधीच असतं. टर्बोजेट, एक्स्ट्राग्रीन अशा नावांनी मिळणाऱ्या महागड्या डिझेलमध्ये तर कंपन्यांनी वेगळी अ‍ॅडिटिव्हही घातलेली असतात. त्यावर पुन्हा बाटली ओतण्यात अर्थ नाही.

अ‍ॅव्हरेजचं गणित काय सांगतं?

सोपा हिशोब करू. डिझेल ९० रुपये लिटर आणि ५० लिटरसाठीची बाटली ३०० रुपये धरली, तर बाटलीचे पैसे वसूल व्हायला साधारण सव्वातीन लिटर डिझेल वाचायला हवं. म्हणजे अ‍ॅव्हरेज साडेसहा टक्क्यांहून जास्त वाढायला हवं. लिटरला ४ किलोमीटर देणाऱ्या ट्रकनं निदान ४.२७ किलोमीटर दिले, तर फक्त बाटलीचा खर्च निघतो. नफा त्यानंतर.

इंजिन ठीक असेल तर एवढी वाढ मिळणं अवघड आहे. कारण अ‍ॅडिटिव्ह डिझेलमध्ये नवी ऊर्जा घालत नाही. ५० लिटरमध्ये शंभर मिलिलिटर काहीही ओतलं तरी एका लिटरमधली ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. इंजेक्टरवर काजळी बसून अ‍ॅव्हरेज घटलं असेल, तर डिटर्जंटमुळे त्यातलं थोडं परत मिळू शकतं. पण ते गमावलेलं परत मिळणं झालं, नवीन कमाई नाही.

काळ्या धुराचंही तसंच. चोंदलेला एअर फिल्टर, बिघडलेला इंजेक्टर, पंपाची चुकीची सेटिंग किंवा ताकदीबाहेरचा लोड ही त्याची नेहमीची कारणं. एअर फिल्टर चोंदला असेल तर कुठलीच बाटली तो साफ करत नाही.

'मी टाकलं आणि फरक पडला' असं अनेक जण प्रामाणिकपणे सांगतात. मात्र ट्रकचं अ‍ॅव्हरेज लोड, रस्ता, टायरमधली हवा आणि ड्रायव्हरचा पाय यांवरही बदलतं. ट्रॅक्टरमागे नांगर आहे की रिकामी ट्रॉली, जमीन ओली आहे की कडक, यानं तासाला लागणारं डिझेल बदलतं. खरी तुलना करायची तर तीच गाडी, तोच मार्ग, तेवढाच लोड आणि प्रत्येक वेळी टाकी फुल करून निदान चार-पाच फेऱ्यांची नोंद हवी.

मग उपयोग कुठं होतो?

पहिली जागा म्हणजे कडाक्याची थंडी. लडाखमध्ये साधं डिझेल हिवाळ्यात गोठतं. म्हणून इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथं उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. महाराष्ट्रात टाकी फुल करून जानेवारीत काश्मीरकडे निघालेल्या ट्रकलाही गोठणरोधक अ‍ॅडिटिव्हची गरज पडू शकते. ते डिझेल गोठण्याआधी टाकावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या थंडीला त्याची गरज नाही.

दुसरी जागा म्हणजे महिनोन्‌महिने उभी राहणारी यंत्रं. हार्वेस्टर, जनरेटर किंवा हंगामापुरता चालणारा ट्रॅक्टर यांच्या टाकीत डिझेल जुनं होतं. तिथं इंधन टिकवणारं अ‍ॅडिटिव्ह किंवा जंतुनाशक कामाला येतं. इंजेक्टरवर काजळी असल्याचं मेकॅनिकनं तपासून सांगितलं असेल, तर डिटर्जंटही वापरून बघता येतं.

खरा शत्रू : पाणी आणि कचरा

शेतावर डिझेल अनेकदा कॅनमध्ये किंवा बॅरलमध्ये ठेवलं जातं. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ पाण्याचे थेंब होऊन खाली बसते. पाणी आणि डिझेल जिथं मिळतात त्या थरात जंतू वाढतात आणि फिल्टरमध्ये शेवाळासारखा चिकट गाळ दिसतो.

आधुनिक कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब २,००० बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरमधल्या फटी अवघ्या काही मायक्रॉनच्या असतात. तिथं पाण्याचा थेंब किंवा मातीचा कण पोहोचला तर इंजेक्टर बदलण्याची वेळ येते. ट्रक बीएस-६ झालेच आहेत. ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरनाही १ जानेवारी २०२३ पासून कडक नियम लागू झालेत.

यावरचे उपाय मात्र स्वस्त आहेत. काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरायची. वॉटर सेपरेटरचा बोल्ट सैल करून खाली साचलेलं पाणी नियमित काढायचं. कॅनमधलं डिझेल गाळून घ्यायचं. डिझेल फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या तासांना बदलायचा.

टाकीत काय टाकूच नये?

- रॉकेल : त्यानं वंगण घटतं आणि पंप झिजतो. शिवाय ती कायद्यानं भेसळ ठरते.
- पेट्रोल : डिझेलची वाफ सहज पेटू लागते, आगीचा धोका वाढतो.
- जळकं ऑइल : त्यातले धातूचे कण थेट फिल्टर आणि इंजेक्टरवर जातात.
- टू-स्ट्रोक ऑइल : जुन्या इंजिनात अनेक जण वापरतात. पण बीएस-६ गाडीच्या डीपीएफमध्ये त्याची राख साचण्याचा धोका असतो.
- डीईएफ म्हणजेच अ‍ॅडब्लू : हे इंधनाचं अ‍ॅडिटिव्ह नाहीच. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असलेलं हे द्रावण धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या, बहुधा निळ्या झाकणाच्या टाकीत जातं. चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर इंजिन सुरू न करता आधी टाकी रिकामी करून घ्यावी.

बाटली घ्यायचीच असेल तर...

आधी गाडीचं मॅन्युअल बघा. कंपनीनं अ‍ॅडिटिव्हला मनाई केली असेल आणि तरी ते वापरलं, तर वॉरंटीचा दावा अडकू शकतो. बाटली कोणत्या कामासाठी आहे, किती लिटरला किती टाकायची आणि डीपीएफ असलेल्या गाडीला चालते का, हे लेबलवर स्पष्ट हवं. 'थोडं जास्त टाकलं तर जास्त फायदा' असं होत नाही. काही अ‍ॅडिटिव्ह पाणी डिझेलमध्ये विरघळवतात. ती जास्त झाली तर फिल्टरनं अडवायचं पाणी इंजेक्टरपर्यंत जातं. जुन्या, गाळ साचलेल्या टाकीत डिटर्जंट टाकलं तर गाळ सुटून फिल्टर चोंदू शकतो, म्हणून नवा फिल्टर हाताशी असावा.

डिझेलबद्दलच शंका असेल तर पंपावर घनता तपासून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

रीलमधला धूर बाटलीनं गेला की त्याआधी बदललेल्या एअर फिल्टरनं, हे रीलमध्ये दिसत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ट्रॅक्टर काळा धूर सोडू लागला, तर बाटलीच्या दुकानाआधी एअर फिल्टरचं झाकण उघडून बघितलेलं बरं.