ठाणे–कल्याण–डोंबिवली परिसर : स्वातंत्र्योत्तर वाढ

मुंबईच्या ईशान्येस ठाण्याची खाडी व उल्हास नदी यांच्या काठी पसरलेला नागरी पट्टा. स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी येथे ठाणे व कल्याण ही दोन जुनी शहरे आणि लोहमार्गालगतची भातशेतीची खेडी होती. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या १८.४१ लाख, तर कल्याण–डोंबिवलीची १२.४७ लाख भरली. नव्या महाराष्ट्र राज्याच्या औद्योगिक धोरणाची पहिली कसोटी याच परिसरात लागली. तथापि शासनाने कारखान्यांची जागा व पाणी यांची तरतूद आधी केली आणि कामगारांची घरे, वाहतूक व स्थानिक स्वराज्य यांची व्यवस्था मागाहून झाली. या विषम क्रमामुळे येथील वाढीला तिचे विशिष्ट स्वरूप प्राप्त झाले.

पूर्वपीठिका : कल्याण हे प्राचीन बंदर असून कान्हेरीच्या कोरीव लेखांत त्याचा निर्देश आढळतो. ठाणे (श्रीस्थानक) हे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे प्रमुख ठाणे होते. मुंबई बंदराच्या उदयानंतर दोहोंचे व्यापारी महत्त्व ओसरले. पण १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर–ठाणे आगगाडी सुरू झाली आणि १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जात असल्याने ते महत्त्वाचे प्रस्थानक बनले. कल्याण येथे १८५५ मध्ये व ठाणे येथे १८६३ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) या संस्था तेथील जुन्या नागरी जीवनाच्या निदर्शक होत. पुढे लोहमार्गाच्या विद्युतीकरणामुळे मुंबईत नोकरी करून येथे राहणे शक्य झाले.

निर्वासितांचे पुनर्वसन : वाढीची पहिली लाट फाळणीमुळे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. सैनिकांच्या बराकींत संसार थाटलेल्या या लोकांनी अल्पावधीत लहान उद्योग व बाजारपेठ उभी केली. छावण्यांचे क्रमांक मात्र तेथील पत्त्यांत कायम राहिले.

राज्यनिर्मिती व उद्योग : १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मुंबईत उद्योगांची दाटी झाली असल्याने ते बाहेर न्यावेत, हा विचार त्यापूर्वीच स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मांडला होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला व १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. महामंडळाची पहिली वसाहत ठाण्याची वागळे इस्टेट ही होय. पाठोपाठ डोंबिवली, अंबरनाथ व बदलापूर येथे वसाहती झाल्या. मुंबई बंदराचे सान्निध्य, लोहमार्ग, मुंबई–आग्रा महामार्ग व वीजपुरवठा यांमुळे अभियांत्रिकी, रासायनिक व वस्त्रप्रक्रिया उद्योग येथे एकवटले. उद्योगांना पाणी मिळावे म्हणून महामंडळाने बारवी नदीवर धरण बांधले. नागरी वस्तीलाही पुढे त्याच पाण्याचा आधार घ्यावा लागला.

वस्तीचे स्वरूप : कारखान्यांइतकाच या वाढीला मुंबईतील जागांच्या किमतींनी हातभार लावला. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींत न मावणारी मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे डोंबिवलीत स्थलांतरित झाली. कचेऱ्या मुंबईत व घर डोंबिवलीत, अशी विभागणी झाल्याने उपनगरी गाडी ही या शहराची जीवनरेखा बनली. या वर्गाने शाळा, ग्रंथालये, नाट्य व संगीत मंडळे यांचे जाळे विणले; १९१७ नव्हे, तर अगदी अलीकडे २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. दुसऱ्या बाजूस आगरी, कोळी व कुणबी या मूळ रहिवाशांची भातखाचरे वसाहती व इमारती यांखाली गेली. भूमी गेल्यावर शेतीचे कौशल्य निरुपयोगी ठरले आणि नव्या उद्योगांत सर्वांना सामावून घेतले गेले नाही.

प्रशासन : वाढ पुढे व प्रशासन मागे, असा येथील क्रम राहिला. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका स्थापन झाली. १९८३ मध्ये कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर व आसपासची खेडी मिळून कल्याण महानगरपालिका अस्तित्वात आली. तिच्या नावात डोंबिवलीचा समावेश पुढे झाला. १९९२ मध्ये अंबरनाथ व बदलापूर वेगळी झाली. २७ गावे २००२ मध्ये वगळण्यात आली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. सीमा अशा बदलत असताना दीर्घ मुदतीचा विकास आराखडा राबविणे दुष्कर होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका उरल्या.

परिणाम : ठाण्याची लोकसंख्या १९९१ मध्ये ८.०३ लाख होती, ती २००१ मध्ये १२.६२ लाख झाली. याच सुमारास अनेक कारखाने बंद पडून त्यांच्या जागी निवासी संकुले व कार्यालये आली. परवडणाऱ्या घरांच्या अभावी अनधिकृत इमारती वाढल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाटा येथे अशी एक इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. डोंबिवलीत कारखाने व घरे यांमधील अंतर नाहीसे झाल्याने २०१६ व २०२४ मधील स्फोटांची झळ वस्तीलाही बसली. वालधुनी नदी सांडपाण्याने दूषित झाली. ठाणे–दिवा दरम्यानचे पाचवे व सहावे लोहमार्ग २०२२ मध्ये पूर्ण झाले. तोवर गाड्यांतील गर्दी असह्य झाली होती. जिल्ह्यातील तानसा व भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईस जाते. मात्र ज्या शहापूर तालुक्यात ते आहेत, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. उद्योग आणणे राज्याला साधले. त्यांमागून येणाऱ्या माणसांसाठी आधी जागा राखणे साधले नाही, हे या परिसराच्या इतिहासावरून स्पष्ट होते.