फुगलेला डबा आणि अन्नशास्त्रज्ञांची संघटना : एका संस्थेची जन्मकथा

१/१२
डबाबंद अन्नाच्या धंद्यात एके काळी सर्वांत मौल्यवान वस्तू होती ती गुपित. कोणता पदार्थ किती वेळ आणि किती तापवायचा, हे कारखानदार कुलूपबंद ठेवत. मग याच क्षेत्रातील माणसे १९३९ साली एका छताखाली जमून आपले ज्ञान वाटून घेण्यास कशी तयार झाली? त्याचीच ही हकिकत. #थ्रेड

२/१२
आरंभ फ्रान्समध्ये होतो. निकोला आपेर हा मिठाई बनवणारा कारागीर. काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून ती उकळत्या पाण्यात ठेवली तर अन्न महिनोन्‌महिने टिकते, हे त्याने अनुभवाने सिद्ध केले. फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. अट एकच, पद्धत ग्रंथरूपाने जाहीर करायची. १८१० साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

३/१२
त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्यासह अन्न टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या : एक प्रकाशनाची, दुसरी मालकीची. पुढील शतकभर या धंद्यात दुसऱ्या वाटेचीच चलती राहिली. मात्र अन्न नेमके का टिकते, हे आपेरलाही ठाऊक नव्हते. सूक्ष्मजीवांचे कोडे लुई पाश्चरने उलगडले ते अर्धशतकानंतर.

४/१२
आता बॉस्टनला येऊ. तेथील अंडरवुड कंपनी १८२२ पासूनची. तिचे तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचे डबे फुगू लागले, आतील माल नासू लागला. अखेर १८९५ मध्ये संस्थापकाचा नातू विल्यम लायमन अंडरवुड याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटीचे दार ठोठावले. तेथे त्याची गाठ पडली सॅम्युअल केट प्रेस्कॉट या तरुण संशोधकाशी.

५/१२
दोघांनी नासलेले डबे तपासले. दोषी ठरले ते उष्णतेला दाद न देणारे जिवाणूंचे बीजाणू. साध्या उकळत्या पाण्यात ते मरत नाहीत. शिवाय डब्याच्या मध्यभागी उष्णता फार सावकाश पोहोचते. दाबाखालील वाफेने २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान १० मिनिटे मिळाले, तर शिंपले सुरक्षित राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या स्वयंपाकघरातील कुकरचे तत्त्व हेच : दाब वाढला की पाणी अधिक तापमानाला उकळते.

६/१२
खरी मोलाची गोष्ट याच्यापुढची आहे. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. अंडरवुड स्वतः कारखानदार घराण्यातला. प्रतिस्पर्ध्यांवर मात करण्याची ही नामी संधी होती. तरीही दोघांनी १८९६ पासून आपले निष्कर्ष शोधनिबंधांतून खुले केले. आपेरची वाट पुन्हा उजेडात आली.

७/१२
परंतु ज्ञान खुले होणे आणि ते सर्वत्र पोहोचणे यांत अंतर असते. ऑगस्ट १९१९. ओहायोतील कँटन येथील एका क्लबात मेजवानी झाली. ताटात कॅलिफोर्नियाची बरणीबंद ऑलिव्ह फळे होती. त्यांतून बोट्युलिझमची विषबाधा होऊन सात जण दगावले. पाठोपाठ इतर राज्यांतही असेच बळी गेले.

८/१२
एका कारखान्याची चूक आणि अविश्वास मात्र साऱ्या धंद्यावर! तेव्हा कारखानदारांच्या संघटनांनी एकत्र येऊन संशोधनाला पैसा पुरवला. १९२२ साली एस्टी आणि मेयर यांनी बोट्युलिझमच्या बीजाणूंना मारण्यास किती तापमान किती वेळ लागते, याचे मोजमाप प्रसिद्ध केले. पुढील वर्षी सी. ओलिन बॉल यांनी त्यासाठीची गणिती रीत मांडली. ‘हाताचा अंदाज’ जाऊन आकडे आले.

९/१२
तरी एक अडचण उरलीच. अन्नावर काम करणारे रसायनज्ञ एका संघटनेत, जिवाणुशास्त्रज्ञ दुसऱ्या, अभियंते तिसऱ्या. डबा एकच, पण त्याविषयी बोलणारे तिघे तीन दिशांना. १९३७ मध्ये प्रेस्कॉट आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड प्रॉक्टर यांच्या पुढाकाराने एमआयटीत अन्नतंत्रज्ञानाची परिषद भरली. सुमारे ५०० जण आले.

१०/१२
दुसरी परिषद १९३९ ची. तेथेच ‘इन्स्टिट्यूट ऑफ फूड टेक्नॉलॉजिस्ट्स’ ही संस्था जन्मली. पहिले अध्यक्ष प्रेस्कॉट. उपाध्यक्ष रॉय न्यूटन हे मांस उद्योगातील स्विफ्ट कंपनीचे, तर सचिव-कोषाध्यक्ष जॉर्ज हकर हे न्यूयॉर्क राज्याच्या कृषी संशोधन केंद्राचे. विद्यापीठ, उद्योग आणि सरकारी संशोधन एकाच पंक्तीला बसले. यातच संस्थेचे बळ होते आणि तिची कायमची कसोटीही : ज्याच्या पगारावर जगायचे, त्याच्या मालातील दोष उघडपणे सांगायचा कसा?

११/१२
संस्थेने १९४२ साली आपला मानाचा पुरस्कार सुरू केला, तो निकोला आपेरच्या नावाने. पेटंट घेणाऱ्याचे नाव बाजूला राहिले, पद्धत जाहीर करणाऱ्याचे पुढे आले. हे लोण भारतातही पोहोचले. म्हैसूरला १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था उभी राहिली आणि १९५७ साली तेथेच भारतीय अन्नशास्त्रज्ञ व तंत्रज्ञांची संघटना स्थापन झाली. १९६४ पासून तिचे शोधपत्र निघते. आपल्या मुंबईतही तिची शाखा आहे.

१२/१२
व्यावसायिक संघटना म्हटले की अध्यक्षीय भाषणे आणि वार्षिक वर्गणी डोळ्यांपुढे येते. पण या संघटनेच्या मुळाशी फुगलेले डबे आहेत आणि एका मेजवानीत गेलेले सात जीव. अन्नाच्या बाबतीत गुपित हे भांडवल नसून धोका आहे, हे उमगायला १८१० ते १९३९ एवढा काळ लागला. पुढच्या वेळी दुकानात डबा उचलाल, तेव्हा तो फुगलेला नाही ना, हे जरूर पाहा. आणि तसे पाहायला शिकवणाऱ्यांची आठवणही ठेवा.