एका सिलिंडरची जिद्द

रस्त्यावरून बुलेट गेली की तिची धडधड मी अजूनही थांबून ऐकतो. तो आवाज एकाच सिलिंडरच्या इंजिनाचा. अशा इंजिनानं एके काळी जगातल्या अव्वल शर्यती जिंकल्या, हे आज सांगून पटत नाही. म्हणूनच मँक्स नॉर्टन या मोटारसायकलची गोष्ट सांगतो.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन हे बेट आहे. मँक्स म्हणजे या बेटाचं. इथली प्रसिद्ध टीटी शर्यत रोजच्या वापरातल्या रस्त्यांवर होते. एक फेरी सुमारे 60 किलोमीटरची. कडेला घरं, दगडी भिंती आणि पुढे डोंगरातला घाट! बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कंपनीची ही गाडी अशाच रस्त्यांवर तावूनसुलाखून निघाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीची जिलेरा कंपनी चार सिलिंडरचं इंजिन घेऊन उतरली. चार लहान पिस्टन एका मोठ्या पिस्टनपेक्षा भरभर वरखाली होतात, त्यामुळे ताकद जास्त मिळते. नॉर्टननं या इंजिनाला उत्तर दिलं ते सांगाड्यानं. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी पोलादी नळ्यांचा नवा सांगाडा घडवला. हॅरल्ड डॅनियल हा स्वार म्हणाला, ही तर पिसांची गादीच! तेव्हापासून त्याचं नाव पडलं ‘फेदरबेड’. सरळ रस्त्यावर जिलेरा पुढे जाई, वळणांवर नॉर्टन तिला गाठी. 1950 च्या टीटीत 500 सीसी गटातले पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे होते. 1951 मध्ये जेफ ड्यूकनं 350 आणि 500 सीसी, दोन्ही गटांत जागतिक अजिंक्यपद मिळवलं.

माझ्या मते घात इथंच झाला. सांगाडा इतका उत्तम निघाला की नव्या इंजिनाची निकड मागे पडली. 1953 मध्ये खुद्द ड्यूक जिलेराकडे गेला आणि त्यानं 500 सीसीचं अजिंक्यपद सलग तीन वर्षं जिंकलं. 1954 नंतर नॉर्टननं शर्यतीच्या खास गाड्या उतरवणं थांबवलं.

पण मँक्स विकत मिळत होती! ती व्हॅनमध्ये टाकून, स्वतःच इंजिन खोलून-जोडून, कितीतरी स्वार युरोपभर शर्यतींमागे हिंडले आणि त्यावरच पोट भरू लागले. 1961 च्या टीटीत पुढे असलेली चार सिलिंडरची एमव्ही अगुस्ता बिघडली आणि माइक हेलवुडनं नॉर्टनवर ताशी सुमारे 162 किलोमीटरच्या सरासरीनं शर्यत मारली. मँक्सचं उत्पादन बंद पडल्यावरही, 1969 मध्ये गॉडफ्रे नॅशनं युगोस्लाव्हियातली जागतिक शर्यत याच गाडीवर जिंकली.

हातातल्या चांगल्या गोष्टीवर कंपनी विसंबली आणि मागे राहिली. स्वारही तिच्यावरच विसंबले, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. ते मात्र पुढची कित्येक वर्षं मैदानात टिकले.