वाङ्मयीन संज्ञांची कुळकथा

बी. ए.ला इंग्रजी साहित्य घेणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच वाङ्मयीन संज्ञांची एक यादी पाठ करावी लागते. क्लासिक, व्हिलन, ट्रॅजेडी, पास्टोरल. दोन ओळींची व्याख्या, एक उदाहरण आणि परीक्षेत 'टिपा लिहा'. ज्यांच्या घरात पुस्तक प्रथमच आले त्या आमच्या मुलांना या संज्ञा आकाशातून पडल्यासारख्या वाटतात आणि शिकविणारेही त्या तशाच शिकवितात. वस्तुतः त्यांतील बऱ्याच संज्ञा कर, जमीन आणि वेठ यांच्या इतिहासातून आलेल्या आहेत.

'क्लासिक' हाच शब्द घ्या. प्राचीन रोममध्ये नागरिकांची वर्गवारी मालमत्तेवरून होई. पहिल्या वर्गातील धनिक तो 'क्लासिकस'. तळाचा तो 'प्रोलेटारिअस', म्हणजे राज्याला देण्यासाठी ज्याच्याजवळ पोटच्या पोरांखेरीज काही नाही असा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलिअसने आपल्या ग्रंथात फ्रॉन्टो या पंडिताच्या तोंडी लेखकांसाठी हीच भाषा घातली. शुद्ध प्रयोगासाठी प्रमाण मानावा तो क्लासिकस लेखक, प्रोलेटारिअस नव्हे. चांगला लेखक कोण हे ठरविण्यासाठी मालमत्तेची वही उघडली गेली ती अशी. मराठीत आपण या शब्दाला 'अभिजात' हा प्रतिशब्द दिला. अभिजात म्हणजे उच्च कुळात जन्मलेला. रोमन माणसाने मालमत्ता विचारली, आपण जन्म विचारला! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आनंद पुष्कळ झाला. या शब्दाच्या पोटात काय आहे याची चर्चा माझ्या तरी कानावर आली नाही.

'व्हिलन'ची कथा याहून बोलकी आहे. 'व्हिला' म्हणजे जमीनदाराची वाडी, आणि त्या वाडीला बांधलेला कुळवाडी तो 'व्हिलन'. १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक' या इंग्लंडच्या नोंदवहीत खेड्यांतील लोकांचा सर्वांत मोठा गट यांचाच आहे. धन्याच्या शेतावर वेठ करायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, मुलीच्या लग्नासाठीसुद्धा धन्याला पैसे मोजायचे. १३८१च्या शेतकरी बंडात ही बांधिलकी रद्द करा, अशी मागणी होती. बंड चिरडले गेले. पुढे ती प्रथा हळूहळू संपली, पण शब्द शिवी होऊन राहिला. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये थोरला भाऊ ऑलिव्हर धाकट्या ऑर्लँडोला व्हिलन म्हणतो, तेव्हा ऑर्लँडो उत्तरादाखल आपल्या सरदार बापाचे नाव सांगतो. दुष्ट आणि हीनकुळी, हे दोन्ही अर्थ तोवर एका शब्दात नांदत होते. आपला 'खलनायक' या मातीतून उगवलेला आहे. मात्र तेथील व्हिलन सनदी शहरात एक वर्ष एक दिवस राहिला तर प्रथेप्रमाणे मुक्त होई. आपल्याकडे शहर गाठल्याने जात सुटत नव्हती, हा फरक विसरून दोन्ही इतिहास एक करणे बरे नव्हे.

ट्रॅजेडीविषयी एवढेच पुरे की ॲरिस्टॉटलला तिचा नायक मोठ्या लौकिकाच्या घराण्यातला हवा होता, आणि गुलाम हा त्याच्या मते अगदी क्षुद्र जीव. सामान्य माणूसही ट्रॅजेडीचा नायक होऊ शकतो, असे आर्थर मिलरला १९४९ साली लेख लिहून मांडावे लागले.

पास्टोरल म्हणजे मेंढपाळांचे काव्य. पण ते लिहिले मेंढपाळांनी नव्हे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात थिओक्रिटसने ते रूढ केले, व्हर्जिलने पुढे नेले. मेंढपाळाच्या जीवनाची चांगली बाजू तेवढी दाखवावी, हालअपेष्टा झाकाव्यात, असा सल्ला अलेक्झांडर पोपने उघडच दिला आहे. १७३० साली स्टीफन डक या मळणी करणाऱ्या मजुराची कविता छापली गेली, तीत धूळ आणि घाम आला. राणी कॅरोलाइनने त्याला वर्षासन दिले. पण डकने शेतावरच्या बायकांची टिंगल केली होती. मेरी कॉलिअर या धुणे धुणाऱ्या बाईने १७३९ साली त्याला कवितेतूनच उत्तर दिले. तुमचे काम शेतावर संपते, आमचे घरी पुन्हा सुरू होते, असा तिचा रोख आहे. इंग्रजी साहित्याच्या जुन्या इतिहासग्रंथांत ही बाई शोधून पाहावी. दलित स्त्रियांची आत्मकथने वाचलेल्या आपल्या वाचकाला मात्र तिची ओळख करून द्यावी लागणार नाही.

त्यानंतरचा जॉन क्लेअर हा शेतमजुराचा मुलगा. १८०९च्या कायद्याने त्याच्या हेल्पस्टन गावाची सामाईक जमीन कुंपणात गेली. १८२० साली त्याचा पहिला संग्रह निघाला तेव्हा मुखपृष्ठामागच्या पानावर नावाबरोबर तो नॉर्थॅम्प्टनशायरचा एक शेतकरी आहे, असे छापले होते. शेवटची वीसहून अधिक वर्षे वेड्यांच्या इस्पितळात काढून तो १८६४ साली तेथेच वारला. त्याच्या त्या पहिल्या पुस्तकाला शब्दसूची जोडलेली आहे. तीत क्लासिक, पास्टोरल असले काही नाही. क्लेअरच्या गावातले रोजचे शब्द आहेत, लंडनच्या सुशिक्षित वाचकाला ते कळत नव्हते म्हणून.