दिव्याचे घरगुती विद्युत् जोडकाम : दोषशोधनाचा इतिहास

घरातील दिवा व त्याचे बटण यांना वीजपुरवठ्याशी जोडणाऱ्या तारांच्या मांडणीस दिव्याचे जोडकाम म्हणतात. दिवा लागत नसल्यास, विझत नसल्यास किंवा विझल्यावरही त्याच्या धारकास स्पर्श करताच झटका बसत असल्यास त्याचे कारण क्रमाने हुडकून काढण्याच्या कार्यपद्धतीला दोषशोधन अशी संज्ञा आहे. प्रचलित जोडकामात पुरवठ्याची प्रवाहित तार, म्हणजे व्यवहारातील फेज, प्रथम बटणाकडे व तेथून दिव्याच्या होल्डरकडे जाते. होल्डरच्या दुसऱ्या अग्रापासून शून्य तार, म्हणजे न्यूट्रल, परत येते. ही मांडणी आज स्वाभाविक वाटत असली, तरी ती सर्वत्र रूढ होण्यास अनेक दशके लागली.

प्रारंभ : इंग्लंडमध्ये जोसेफ विल्सन स्वॉन व अमेरिकेत टॉमस आल्वा एडिसन यांनी १८७८–७९ च्या सुमारास तापदीप्त दिवे सिद्ध केले. विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या नॉर्थंबरलंडमधील क्रॅगसाइड या निवासस्थानी १८८० मध्ये स्वॉन यांचे दिवे बसविण्यात आले. तेथील काही दिवे फुलदाण्यांवर बसविलेले होते. फुलदाणीचा तळ पाऱ्याच्या वाटीत टेकला की मंडल पूर्ण होई आणि ती उचलली की दिवा विझे. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील एडिसन यांच्या केंद्रातून सु. ११० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह ग्राहकांना मिळू लागला. आरंभीच्या तारांवर सुताचे वेष्टन असे. पुढे अमेरिकेत चिनी मातीच्या गुंड्या व नळ्या, तर ब्रिटनमध्ये खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या तारांच्या आधारासाठी वापरात आल्या.

या काळातील मुख्य दोष आगीस कारण होणारे होते. बटण सावकाश उघडल्यास त्याच्या स्पर्शकांमध्ये प्रज्योत निर्माण होऊन स्पर्शक जळत. न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये स्प्रिंगच्या साहाय्याने मंडल झटकन तोडणारे बटण तयार केले. हातातील वेग कितीही असो, स्पर्शक ठरावीक वेगानेच दूर होतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. एडिसन यांनी १८८० मध्येच वितळतारेचे एकस्व मिळविले होते. जोडकामाचे पहिले नियमही आगीच्या भीतीतूनच निर्माण झाले. लंडनमधील फिनिक्स या आगविमा संस्थेने व तेथील तारायंत्र अभियंत्यांच्या संस्थेने १८८२ मध्ये असे नियम प्रसिद्ध केले.

बटणाची जागा : आरंभीच्या एकदिश प्रवाहाच्या ज्या पुरवठ्यांत कोणतीही तार जमिनीस जोडलेली नसे, त्यांत दोन्ही तारांचे महत्त्व सारखेच मानले जाई. त्यामुळे दोन्ही तारांत वितळतारा घालीत आणि बटण सोयीनुसार कोणत्याही तारेत घालीत. पुरवठ्याची एक तार जमिनीस जोडण्याची पद्धत रूढ झाल्यावर ही समानता संपली. जोडारी लोकांची सवय मात्र मागे राहिली. बटण शून्य तारेत असल्यास दिवा नेहमीप्रमाणे लागतो व विझतो. परंतु विझलेल्या दिव्याच्या होल्डरवर पुरवठ्याचा पूर्ण दाब कायम असतो आणि दिवा बदलण्यासाठी हात घालणाऱ्यास तो घातक ठरू शकतो. शून्य तारेतील वितळतार वितळली असतानाही हीच स्थिती उद्भवते. हा दोष कोणत्याही दृश्य लक्षणाने प्रकट होत नाही, हेच त्याचे वैगुण्य होय.

त्याचे गांभीर्य आकड्यांवरून ध्यानात येते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झील यांच्या प्रयोगांनुसार हातात धरलेली तार सोडविता येण्याची सरासरी मर्यादा सु. १० ते १६ मिलिअँपिअर आहे. २३० व्होल्टवरील ४० वॉटचा दिवा सु. १७४ मिलिअँपिअर प्रवाह घेतो, तर ५ अँपिअरची वितळतार याच्या कित्येक पटींचा प्रवाह निर्वेधपणे वाहू देते. म्हणजे वितळतार तारांचे रक्षण करते, माणसाचे नव्हे.

भारतातील विकास : मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लावण्यात आले. कलकत्त्यास १८९९ मध्ये सार्वजनिक पुरवठा सुरू झाला. मुंबईत वीजपुरवठा व ट्राम यांसाठीची कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली, तर खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. घरोघर सागवानी पट्ट्यांवर क्लिपांनी बसविलेल्या तारा, लाकडी गोल ठोकळे व चिनी मातीचे कटआउट हे जोडकाम दीर्घकाळ प्रचारात होते. पुढे पीव्हीसी वेष्टनाच्या तारा व नळीतील जोडकाम यांनी त्याची जागा घेतली. भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांनुसार भूसंबंधित शून्य तारेत वितळतार अथवा केवळ त्याच तारेस तोडणारे बटण घालण्यास मनाई करण्यात आली. या नियमांच्या जागी आलेल्या २०१० व २०२३ च्या केंद्रीय सुरक्षा विनियमांतही हे तत्त्व कायम आहे.

दोषशोधन : तारांच्या निरोधनाची कसोटी घेणारे सुवाह्य उपकरण सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये तयार केले, त्यापासूनच पुढे मेगर हे नाव रूढ झाले. घरगुती कामात मात्र होल्डरला दोन तारा जोडून केलेला तपासदिवा व निऑन टेस्टर हीच साधने प्रमुख ठरली.

दिवा लागत नसल्यास प्रथम दुसरा चांगला दिवा लावून पाहतात व वितळतार तपासतात. नंतर टेस्टर बटणाच्या दोन्ही अग्रांना क्रमाने लावतात. बटण चालू असता आत येणाऱ्या अग्रावर टेस्टर उजळला व बाहेर जाणाऱ्यावर उजळला नाही, तर बटण सदोष असते. दिवा बसविलेला असता होल्डरच्या दोन्ही अग्रांवर टेस्टर उजळत असूनही दिवा लागत नसेल, तर शून्य तार तुटलेली असते. बटण बंद केल्यावरही होल्डरवर टेस्टर उजळल्यास बटण शून्य तारेत असल्याचा संशय घ्यावा. टेस्टर न उजळणे हा तार निर्जीव असल्याचा पुरेसा पुरावा नव्हे. म्हणून तो आधी खात्रीच्या प्रवाहित अग्रावर पारखून घेतात व काम करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करतात.

वितळतार पुनःपुन्हा वितळत असल्यास तिच्या जागी तपासदिवा जोडतात. घरातील दिवा काढूनही तपासदिवा पूर्ण तेजाने लागला, तर मंडलसंक्षेप झालेला असतो. बटण बंद करताच तो विझल्यास दोष बटणापलीकडे आणि तसाच राहिल्यास अलीकडे असतो.

अलीकडील स्थिती : १९२४ मध्ये जर्मनीतील श्टॉट्स यांनी विकसित केलेला लघुमंडल खंडक व त्यानंतरचा, ३० मिलिअँपिअर गळतीप्रवाहास मंडल तोडणारा खंडक यांमुळे माणसाच्या रक्षणाची उणीव बरीच भरून निघाली आहे. २०१५ पासून उजाला योजनेद्वारे प्रसार झालेल्या एलईडी दिव्यांनी मात्र जुना दोष नव्या रूपात दृश्य केला. बटण बंद असतानाही असा दिवा कित्येकदा मंदपणे मिणमिणतो. बटणातील दर्शक दिवा किंवा लांबवर समांतर गेलेल्या तारांची धारिता हे त्याचे कारण असू शकते. परंतु बटण शून्य तारेत असणे हेही तितकेच संभाव्य असते. तापदीप्त दिव्यात एवढ्या अल्प प्रवाहाने तंतू तापत नसल्याने हे लक्षण पूर्वी दिसत नसे. म्हणून मिणमिणणारा दिवा केवळ सदोष समजून बदलण्यापूर्वी होल्डरची व बटणाची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.