गाजरगवत आणि मेक्सिकन भुंगा: निपाणी-बेळगाव पट्ट्यातली एक तुलना

गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद 1955 साली पुण्यात झाली. ते गवत खाणारा मेक्सिकन भुंगा 1984 साली सोडला गेला तो बेंगळुरूत. या दोन शहरांना जोडणाऱ्या महामार्गावरच्या निपाणी-संकेश्वर-बेळगाव पट्ट्यात आता दोघे एकाच बांधावर भेटतात. दोघेही मूळचे अमेरिका खंडातले. गवत नकळत आलं, भुंगा मात्र चाचण्या करून मुद्दाम आणला.

भुंगा गवत किती खातो, हाच प्रश्न नेहमी विचारला जातो. मला दोघांचं वेळापत्रक जास्त महत्त्वाचं वाटतं.

गाजरगवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) ऋतू बघत नाही. ओल मिळाली की उगवतं, महिनाभरात फुलतं. जोमदार झाडाला 15,000 हून जास्त बिया धरतात आणि मातीत गाडलेल्या बिया काही वर्षं टिकतात.

भुंगा (झायगोग्रामा बायकलोराटा) जेमतेम 5-6 मिलिमीटरचा, पांढुरक्या पाठीवर काळपट वेड्यावाकड्या रेघा. मादी बहुधा पानाच्या खालच्या अंगाला पिवळसर अंडी घालते. अळी आधी शेंड्याचा कोंब कुरतडते, मग पानांवर येते आणि शेवटी मातीत उतरून कोष करते. सगळा फेरा साधारण महिन्याचा. पावसाळा सरला की बहुतेक भुंगे मातीत सुप्त पडून राहतात, ते पुढच्या पावसालाच वर येतात.

जिराईत तंबाखूच्या रानात हे वेळापत्रक जमून जातं, कारण उन्हाळ्यात तिथलं गवतही वाळतं. वेदगंगा-दूधगंगेच्या पाण्यावरच्या उसाच्या बांधाला मात्र ते एप्रिल-मेमध्येही फुललेलं असतं आणि खाणारा जमिनीखाली. बागायतीत नुसत्या भुंग्यावर विसंबून चालायचं नाही. फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायलाच हवं. गाजरगवतातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे अंगाला खाज सुटते, कातडी चिघळते.

भुंग्यावर एकदा बालंटही आलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो सूर्यफुलाची पानं खाताना दिसला (सूर्यफूल गाजरगवताच्याच कुळातलं) आणि त्याचं सोडणं काही वर्षं थांबलं. पुढे ते पुन्हा सुरू झालं.

दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजरगवत निर्मूलनाचा सप्ताह असतो. नेमक्या याच दिवसांत झाडांवर अळ्या असतात. पानांची चाळण झालेली झाडं सरसकट उपटून पेटवली, तर अळ्याही जातात. तेवढी झाडं उभी ठेवावीत आणि त्यांच्यावरचे भुंगे डब्यात वेचून, जिथे गवत माजलंय पण खाल्लेलं नाही अशा ठिकाणी सोडावेत.