शं. बा. दीक्षित : एका शाळामास्तराचे टपाल आणि जमाखर्च

वसईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जे येईल तितक्या वाजता पाणी पूर्ण भरलेले. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. होडीवाल्याला एवढे पुरते. पण या हिशेबाच्या मुळाशी पंचांगातली तिथी असते, आणि एकोणिसाव्या शतकात ती तिथी ज्या ग्रंथावरून काढत तो गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’ १५२० च्या सुमाराचा होता. साडेतीनशे वर्षांत सूक्ष्म चुका साठत गेल्या होत्या. ग्रहण पंचांगातल्या घटकेला लागेना. चार-दोन घटकांनी भरतीचे फारसे बिघडत नाही. एकादशीचे आणि श्राद्धाचे मात्र बिघडते, म्हणून भांडणे झाली ती तिथे.

या भांडणात उतरलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक. जन्म १८५३, दापोलीजवळच्या मुरूडचा. शिक्षण पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजपर्यंत. विद्यापीठाची पदवी नाही. पुढची सगळी हयात रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज अशा बदल्यांत गेली. आमचा वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, त्यामुळे ठाण्याच्या शाळेतल्या या मास्तरांविषयी मला थोडा जास्त जिव्हाळा आहे, हे आधीच कबूल करतो.

त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या महाग्रंथापासून सुरुवात करतात. मला कुतूहल वेगळे आहे. बार्शीला किंवा धुळ्याला बसलेल्या मास्तराने हे काम केले कसे, आणि कशाच्या जोरावर? दीक्षित बार्शीत होते तेव्हा बार्शीला रेल्वे नव्हती. धुळ्यात होते तेव्हा धुळ्यालाही नव्हती. मोठे ग्रंथालय नाही, वेधशाळा नाही. जगाशी जोडणारी वस्तू एकच, टपाल.

त्या टपालाचा भाव पाहू. १८७९ मध्ये हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. रुपयाला चौसष्ट कार्डे. गावोगावची पंचांगे गोळा करायची, कोणता ज्योतिषी कोणत्या ग्रंथावरून गणित करतो हे विचारायचे, एखाद्या पोथीचा शक विचारायचा, तर कमी पगाराच्या माणसाला परवडणारे साधन हेच होते. विलायतेला पत्र टाकायचे तर १८९० नंतरच्या काळात अडीच आणे, म्हणजे एका पत्रात दहा कार्डे गेली. आणि उत्तराची वाट महिना-सव्वा महिना.

तरीही विलायती टपाल चुकणारे नव्हते, कारण कालगणनेच्या प्रश्नात दीक्षितांचे गणित हवे होते ते साहेबांनाच. जॉन फेथफुल फ्लीट गुप्त राजांच्या शिलालेखांवर काम करत होते. गुप्त संवत् नेमका कधी सुरू झाला, यावर पंडितांत एकमत नव्हते. कनिंगहॅम इ. स. १६६-६७ म्हणत. अल्बेरुणीने तो शकानंतर २४१ वर्षांनी सांगितला होता, म्हणजे ३१९-२० च्या सुमाराला. पण त्यावर सगळ्यांचा विश्वास नव्हता. निकाल लावायचा मार्ग एकच होता. ज्या लेखात तिथीबरोबर वार दिलेला आहे तो घ्यायचा आणि प्रत्येक मतानुसार त्या तिथीला तो वार येतो का, हे पाहायचे. एरणच्या बुधगुप्ताच्या स्तंभलेखात संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे आहे. ३१९-२० चा आरंभ धरला तर ती तिथी २१ जून ४८४ ला येते, आणि त्या दिवशी गुरुवार आहे.

हे एका ओळीत लिहिता येते. करताना मात्र सूर्य-चंद्राचे मध्यम स्थान, मंदफल, अहर्गण, उज्जयिनी आणि लेखाचे गाव यांतला फरक असे सगळे हाताने मांडायचे, आणि ज्या मतात वार जुळत नाही त्यासाठीही तेवढेच कष्ट. फ्लीटच्या १८८८ च्या शिलालेखखंडात दीक्षितांचे हे गणित त्यांच्या नावासह छापलेले आहे.

आता जमेची बाजू. पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगांच्या इतिहासावरील ग्रंथासाठी ४५० रुपयांचे बक्षीस लावले होते, आणि गायकवाड सरकारने अशाच विषयावर एक हजाराचे. दीक्षितांना दोन्ही मिळाली. पहिल्या बक्षिसासाठी लिहिलेला मजकूर वाढत वाढत पुढे पाचशेंहून अधिक पानांचा झाला. या रकमांकडे मी माझ्या पद्धतीने पाहिले. ४५० रुपये म्हणजे २८,८०० पोस्टकार्डे, किंवा विलायतेची २,८८० पत्रे. पण बक्षीस काम झाल्यावर मिळते. कार्ड रोज लागते. मधली वर्षे पगारातून निभावायची. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली पुस्तके, १८७६ ची ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ किंवा १८९७ चे ‘सोपपत्तिक अंकगणित’, या हिशेबात धरली पाहिजेत असे माझे मत आहे. चरित्रकार त्यांची नावे यादीत टाकून पुढे जातात. शाळेच्या माणसाला शाळेचे पुस्तकच चार पैसे देते.

उलट काही कामे उघड घाट्याची होती. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षित सायन पंचांगाच्या बाजूला उभे राहिले. सायन मानाने मकरसंक्रांत २२ डिसेंबरच्या सुमारास येते. तिथी सायन-निरयनात बदलत नाही, कारण ती चंद्र-सूर्यातल्या अंतरावर असते. पण संक्रांत आणि महिना हलतो. तीन आठवडे आधी तिळगूळ वाटायला महाराष्ट्र तयार नव्हता, आजही नाही. लोकांना हवे ते पंचांग काढून पैसे करणे दीक्षितांसारख्या गणित्याला अवघड नव्हते.

१८९६ मध्ये त्यांची दोन पुस्तके निघाली. मराठी ग्रंथ पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात, आणि मद्रास इलाख्यातले सनदी नोकर रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबरचे ‘द इंडियन कॅलेंडर’ लंडनला. इ. स. ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांची कोष्टके असलेले पुस्तक लंडनला जुळवले जात होते आणि एक लेखक पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होता. एक आकडा चुकला तर पुढे कुणाच्या तरी शिलालेखाचे वर्ष चुकणार, अशा कोष्टकांची मुद्रिते तपासायची आणि दुरुस्ती अडीच आण्यांच्या पाकिटातून पाठवायची. मुखपृष्ठावर स्यूएलचे नाव आधी आहे. त्याबद्दल मला रागवावेसे वाटत नाही. त्या काळी दुसरे नाव छापले जाणेही गृहीत धरण्यासारखे नव्हते.

इंग्रजी पुस्तक जगभरच्या पुराभिलेख-अभ्यासकांच्या टेबलावर गेले. मराठी ग्रंथाचे हिंदी भाषांतर यायला १९५७ उजाडले, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली ते वर्ष. इंग्रजी दोन भागांत १९६९ आणि १९८१ ला आले.

दीक्षित एप्रिल १८९८ मध्ये, पंचेचाळीस पुरी होण्याआधी वारले. त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून विलायतेच्या पत्राचा दर एक आणा झाला.